थापा

"मार थाप!" तामोत्सु ओरडला.

रेइजीने मारली नाही. तो गादीवर पालथा पडला होता. माझा भाऊ तामोत्सु, पन्नाशीला टेकलेला आणि शंभर किलोंच्या पुढे गेलेला गडी, त्याच्या पाठीवर बसला होता. रेइजीचा उजवा हात त्याने मागे असा काही वळवला होता की मला बघवेना. मी जेवणाचा डबा हातात घेऊन दारातच थांबले.

"तोंडाने म्हण, हरलो. आणि हात टेक."

"पण मी हरलेलो नाहीये," रेइजी गादीत तोंड खुपसून म्हणाला.

"ते मलाही कळतंय, गाढवा. ही हरायची तालीम आहे."

"हरायची कसली तालीम, वस्ताद? ते आपोआप येतं."

"आपोआप आलं असतं तर मला शिकायला इतकी वर्षं लागली नसती. मार!"

शेवटी रेइजीने दोन बोटं गादीला लावली. लावली म्हणजे टेकवली न टेकवली.

"ही थाप? एवढ्याने बांगड्यावरची माशीसुद्धा उठायची नाही," तामोत्सु म्हणाला, आणि त्याने स्वतःचा पंजा गादीवर आपटला. दोन पटापट आणि तिसरी सावकाश, पूर्ण तळहाताने. तो आवाज भिंतींवरून फिरून परत आला आणि कोपऱ्यातली मांजर बाहेर पळाली.

ही आमची तालीम म्हणजे उत्तर जपानातल्या हाचिनोहे बंदरातला जुना बर्फाचा कारखाना. माकुलं, ज्यांना स्क्विड म्हणतात ती, पकडणाऱ्या होड्यांना इथून बर्फ जायचा. नवा कारखाना झाला, हा ओस पडला, आणि माझ्या भावाने तो भाड्याने घेऊन त्यात गाद्या टाकल्या. इथे येणाऱ्या प्रत्येकाने व्यायामाआधी गादीवर थापा मारून "हरलो" म्हणायचं, असा त्याचा दंडक होता. गावात या जागेला 'हरायची शाळा' म्हणत. मी रविवारी धक्क्यावरच्या बाजारात सुकी माकुलं विकते, त्यामुळे गावात कोण काय म्हणतं हे मला सगळ्यांत आधी कळतं. वाईट बातमी तर मासे टोपलीतून उतरायच्या आत पोचते.

तामोत्सु हरायला माझ्यापासून शिकला. आमच्या घरामागे माकुलं वाळत घालायच्या दोऱ्या होत्या आणि त्यांच्याखाली आम्ही दोघं कुस्ती खेळायचो. मी मोठी आणि वजनदार. मी त्याच्या छातीवर बसायचे, तो जमिनीवर थाप मारायचा, मग मी उठायचे. पुढे तो माझ्यापेक्षा उंच झाला, रुंद झाला, तरी हरतच राहिला, कारण हरले की मी रडायचे. हे सगळं त्याने एकदा वर्तमानपत्राच्या मुलाखतीत सांगितलं, आणि मला महिनाभर बाजारात तोंड दाखवायला जागा उरली नाही.

सतराव्या वर्षी तो टोकियोला कुस्तीच्या कंपनीत भरती झाला. पहिलं वर्ष त्याने मोठ्या मल्लांचे कपडे धुतले, त्यांच्यासाठी भात शिजवला आणि उरलेला वेळ नुसता पडायला शिकला. पाठीवर पडणं, कुशीवर पडणं, उचलून फेकलं तर पडणं. पुढे वीस वर्षं त्याचं काम एकच होतं, हरायचं. कुणाला मोठं व्हायचं असेल तर कुणाच्या तरी पाठीवर पाय द्यावा लागतो. ती पाठ माझ्या भावाची.

शुक्रवारी रात्री टीव्हीवर कुस्त्या लागायच्या. अख्खी गल्ली आमच्याकडे. कुणीतरी देखणा मल्ल तामोत्सुचा हात पिरगाळायचा, आई उठून चुलीकडे जायची, आणि मग ती थाप ऐकू यायची. टप टप, थाप. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं की खेळ संपला, म्हणून त्याने ती घटवून घटवून बसवली होती. गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची. आमचे वडील होडीवरून आलेले असले तर म्हणायचे, "हरून पगार मिळतो होय? मग मी कशाला समुद्रावर मरायला जातो?"

मी एकदा त्याला सरळच विचारलं होतं. "तामो, हे सगळं ठरलेलं असतं ना रे?"

तो सूप पीत होता. वाटी खाली ठेवून म्हणाला, "ताई, पडणं ठरलेलं असतं. लागणं नाही."

बाजारात माझ्या शेजारच्या गाळ्यावर मासाए बसायची. लोणची आणि भाताच्या वड्या विकायची. जिभेने गरीब, कामाला वाघीण. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, पदरात हा रेइजी. बाजारातल्या बायका मला चिडवायच्या, "काय किनुए, काल भावाने पुन्हा हात टेकले म्हणे!" मी उत्तर द्यायच्या आत मासाए लोणच्याच्या बरणीवरून मान वर न करता म्हणायची, "टेकलेला हात घरी परत तर येतो." तिच्या तोंडून एवढं वाक्य म्हणजे भाषणच.

मग टोकियोत खऱ्या लढतींची लाट आली. ठोसे खरे, पकडी खऱ्या, हार खरी. लोक आता जुन्या कुस्त्यांना नुरा कुस्ती म्हणून नाकं मुरडायला लागले. चाळिशीच्या तामोत्सुला एका आयोजकाने बोलावलं, समोर हॉलंडचा एक ज्युदोवाला ठेवला आणि हजारो माणसं जमवली. मी बाजार बुडवून, तिकीट काढून गेले. घंटा झाली, त्या गोऱ्याने माझ्या भावाच्या कमरेला हात घातला, फेकायला वळला, आणि तामोत्सुने चक्क उडी मारली. त्याच्याबरोबर! छान गोल फिरून पाठीवर आपटला. पुढच्या क्षणाला गळा आवळला गेला आणि थाप आली. माणसं हसली. एवढी माणसं एकदम हसताना मी तोपर्यंत ऐकली नव्हती.

तो घरी आला तेव्हा मी त्याला माशाच्या रश्शात कडक पोळ्या मोडून वाढल्या. बराच वेळ तो खाली बघून खात होता.

"ताई, तो मला खरंच पाडत होता," शेवटी तो म्हणाला, "आणि मी त्याला मदत केली."

मला हसावं की रडावं कळेना. मी आणखी एक पोळी वाढली.

त्यानंतर दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नसतं. आमच्या तामोत्सुने गावी येऊन स्वतःच खऱ्या लढती भरवायला घेतल्या. म्हणाला, स्वतःला जमलं नाही, निदान जवळून बघतो तरी. त्याच्याबरोबर शिराहाता आले. कुस्तीच्या कंपनीतले जुने पंच, बायको गेलेली, मुलंबाळं नाहीत, कारखान्याच्या वरच्या खोलीत राहायला लागले. वीस वर्षं त्यांनी तामोत्सुच्या हरण्यावर शिक्का मारला होता. ते सांगायचे, पकडीत सापडलेल्या माणसाचं तोंड एकीकडे असतं आणि हात दुसरीकडे. पंचाने डोळे तोंडावर ठेवावेत आणि कान हातावर.

तामोत्सुने नियम केला एकच, आणि तो भिंतीवर रंगवून घेतला. 'हरलो हे ज्याचं त्याने सांगायचं.' कोपऱ्यातून कुणी टॉवेल फेकायचा नाही, पंचाने आपल्या मनाने थांबवायचं नाही. बेशुद्ध पडला तर गोष्ट वेगळी.

"हा कसला राक्षसी नियम?" मी म्हटलं.

"ताई, मी कधी हरायचं ते वीस वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं. माझ्या रिंगमध्ये कुणाला दुसरा माणूस हरवणार नाही." आणि म्हणूनच तो सगळ्यांकडून थापा घोटून घ्यायचा. हक्क दिला तर तो वापरता यायला हवा, असं त्याचं म्हणणं.

रेइजीला मात्र तो धडा गिळवत नव्हता. भिंतींना गिलावा करायचं काम करणारा चोवीस वर्षांचा पोरगा, उजवा हात थापीवर असा चालायचा की भिंत आरशासारखी व्हायची. त्याच हाताने तो लढायचा. लागोपाठ जिंकत गेला. सेंदाईच्या टीव्हीवाल्यांनी येऊन सांगितलं, अजिंक्यपदाच्या पट्ट्याची लढत हा पोरगा जिंकला तर तुमच्या लढती आम्ही दर महिन्याला दाखवू. तोवर तामोत्सुचा आखाडा म्हणजे आज आहे, उद्या नाही असा कारभार होता. सगळं रेइजीवर येऊन ठेपलं. आणि रेइजीने गावच्या वर्तमानपत्राला सांगून टाकलं, "मेलो तरी हात टेकणार नाही."

ते मोठ्या अक्षरांत छापून आलं. मासाएने त्या पानात लोणची बांधून विकली.

लढत रविवारी दुपारी होती, नगरपालिकेच्या व्यायामशाळेत. सकाळी मी बाजारात बसले होते तर एक दांडगा रशियन माझ्या गाळ्यापुढे येऊन उभा राहिला. सुक्या माकुलाचा वास घेऊन त्याने डोळेच मिटले. दोन गड्ड्या घेतल्या. माझी रिकामी खोकी गाडीत चढवायची होती, ती न सांगता उचलून चढवली आणि वाकून नमस्कार करून गेला. मी मासाएला म्हटलं, "बघ, याला म्हणतात संस्कार." दुपारी रिंगमध्ये रेइजीसमोर तोच उभा. व्लादिवोस्तोकचा वादिम. माझा जीव अर्धा अर्धा झाला.

मी आणि मासाए रिंगच्या अगदी जवळ होतो. आमच्या पुढे, गादीला छाती लागेल इतक्या जवळ, तामोत्सु उभा. आयोजकाची खुर्ची होती त्याला, पण तो कुठल्याच लढतीत बसत नसे.

सुरुवातीला रेइजीने त्या रशियनाला चांगलं फिरवलं. लोक पायांनी जमीन दणाणून सोडत होते. मग एकदा रेइजी ठोसा मारायला वाकला, वादिमने तो हात धरला, तसाच खाली बसला, दोन्ही पाय त्याच्या छातीवर आडवे टाकले आणि हात ओढून घेतला. उजवा हात.

मासाएने टॉवेल तोंडावर घेतला.

"सोडवला का गं?" तिने आतून विचारलं.

"नाही."

"टेकला?"

"नाही."

रेइजीचं तोंड आमच्याकडे होतं. डावा हात मोकळा होता आणि गादीच्या वर मूठ वळून नुसता अधांतरी होता. कोपर आता नको त्या बाजूला वाकायला लागलं होतं. वादिम पंचांकडे बघून काहीतरी ओरडला. मला रशियन येत नाही, पण ते मला कळलं. तो सांगत होता, मोडतोय, याला सांगा कुणीतरी. शिराहाता गादीवर आडवे पडून रेइजीच्या चेहऱ्याशी चेहरा नेऊन विचारत होते, "हरलास? हरलास?" आणि रेइजी मान हलवत होता, नाही.

"किनुए, सांग ना! टेकला का?"

मला वाटलं, आता आवाज येईल तो हाडाचा.

आवाज आला तो थापेचा. टप टप, थाप. भल्या मोठ्या व्यायामशाळेत शेवटच्या रांगेपर्यंत.

शिराहातांनी मान वळवलीसुद्धा नाही. ते झेप घेऊन दोघांच्या मध्ये पडले, हात हलवले, घंटा झाली. वादिमने तत्क्षणी हात सोडला आणि आपलं कपाळ गादीला टेकून देवाचे आभार मानले.

रेइजी उडी मारून उठला. "मी नाही टेकला! मी हात टेकलाच नाही!"

शिराहाता गोंधळून बघायला लागले. मग हळूहळू सगळी व्यायामशाळाच एका जागी बघायला लागली. माझ्या भावाचा पंजा अजून गादीवर होता. बोटं पसरलेली. तो स्वतःही त्याच्याकडे असा बघत होता, जणू कुणाचा तरी हात इथे चुकून राहिलाय.

मग तो रिंगमध्ये चढला आणि त्याने माइक मागून घेतला.

"थाप माझी होती. पंचांनी ऐकली ती बरोबर ऐकली. रेइजी हरलेला नाही. पण लढत संपली, कारण मी ती संपवली. नियम मी केला होता. मोडलाही मीच."

तो कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. बसायच्या उशा उडायला लागल्या. एक त्याच्या डोक्यावर बसली. मागून कुणीतरी ओरडलं, "थापाड्या!" मग सगळेच ओरडायला लागले, थापाड्या, थापाड्या. मी उठून उभी राहिले आणि त्या लोकांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. वीस वर्षं त्याने पगारी थापा मारल्या तेव्हा टाळ्या पडल्या. एक खरी मारली, तर थापाड्या!

पण मला खरं लागलं ते नंतर. कपडे बदलायच्या खोलीबाहेर रेइजी उभा होता. हात गळ्यात बांधलेला, सुजलेला, पण मोडलेला नव्हता. तामोत्सु त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मला त्याने नाही हरवलं. तुम्ही हरवलंत."

"हो," तामोत्सु म्हणाला.

"तुमच्यासारखंच झालं ना माझं? दुसऱ्याने ठरवलं."

माझ्या भावाला वीस वर्षांत कुणी इतक्या जोरात आपटलं नसेल. रेइजी निघून गेला आणि पुन्हा तालमीत आला नाही.

टीव्हीवाले दुसऱ्या दिवशी अगदी नम्रपणे वाकून, मिठाईचं खोकं देऊन गेले. एकेक करून पोरंही गळाली. ज्याच्या रिंगमध्ये आयोजकच थाप मारतो तिथे कोण लढणार? तामोत्सु कारखान्यात एकटा बसून राहायचा. शिराहाता मांजरीला मासे घालायचे. मी डबा घेऊन जायचे आणि भरलेला परत आणायचे.

"शिराहातासान," मी एकदा जिन्यात त्यांना गाठलं, "तुम्ही खरंच फसलात? तामोची थाप तुम्ही झोपेतही ओळखाल."

त्यांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हातारे झाले हो कान," ते म्हणाले. आणि मी आणखी काही विचारायच्या आत वर निघून गेले.

भावाला विचारलं, "मुद्दाम मारलीस?"

"माहीत नाही ताई. हात आपोआप गेला."

"मग चांगलंच झालं ना! पोराचा हात वाचला."

"वाचला. पण तो हात त्याचा होता. माझा नव्हता."

मी हात टेकले आणि डबा उचलून निघाले. तेवढ्यात दारात मासाए उभी. हातात भाताच्या वड्यांचं ताट. आत येऊन तिने ते गादीच्या कडेला ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलली.

"तो हात तुमचा नव्हता म्हणता. बरं. पण माझा होता की नाही? पोटात असताना मी वाढवलाय तो. मग मला का नव्हता थाप मारायचा हक्क? मला टॉवेलात तोंड घालून का बसावं लागलं?"

ती चपला घालून चालायला लागली.

"वड्या आजच्या आज खा," ती जाता जाता म्हणाली, "उद्या कडक होतील."

त्या वड्या खाता खाताच नवा नियम झाला. भिंतीवरची जुनी ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली आणखी एक रंगवली. 'नाहीतर, त्याने निवडलेल्या माणसाने.' प्रत्येक लढणाऱ्याने आपला एक माणूस नेमायचा. तो माणूस गादीच्या कडेला बसणार. त्याची थाप ती लढणाऱ्याची थाप. बायको, बाप, मित्र, न्हावी, कुणीही. पण नेमायचं ज्याचं त्याने, आधी, सगळ्यांसमोर.

लोक आधी हसले. एका नळवाल्याने बायकोला नेमलं, तिने पहिला ठोसा बसताच थाप मारली, आणि घरी जाईपर्यंत दोघांची जी जुंपली ती पाहायला अर्धा बाजार मागून चालला होता. पण दुसऱ्या वेळी तिने दातओठ खाऊन दम धरला, आणि नळवाला जिंकला. एका पोराने आपल्या सावत्र बापाला नेमलं. त्या दोघांत बोलणंही नव्हतं, हे गावाला माहीत होतं. तो बाप पंजा गादीवर ठेवून बसला तेव्हा लढतीकडे कुणी बघेचना. हळूहळू लोक लढतीइतकेच त्या बसलेल्या माणसांसाठी यायला लागले. टीव्हीवाले आले नाहीत. व्यायामशाळेऐवजी कारखान्यातच लढती होत, पण दरमहा होत, आणि दारात चपला मावत नसत.

रेइजी एका ओल्या सकाळी आला. वस्तादाला नमस्कार नाही, काही नाही. बर्फाच्या कारखान्याची उत्तरेची भिंत कधीपासून पोपडे सोडत होती, तिच्यापुढे त्याने बादली ठेवली, चुना कालवला आणि उजव्या हातात थापी घेऊन कामाला लागला. तामोत्सु गादीवर बसून बघत होता. थापी वर जायची, गोल फिरून खाली यायची, कोपर अगदी तेल घातल्यासारखं. दुपारी मी दोघांचा डबा नेला. दोघे दोन टोकांना बसून जेवले. संध्याकाळी भिंत आरशासारखी झाली.

"पडली असती कुणाच्या तरी अंगावर," रेइजी बादली धुताना म्हणाला. "म्हणून केली. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही," तामोत्सुने मान डोलावली.

रेइजी दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "वस्ताद, पुढच्या महिन्याला माझं नाव घाला. माणूस म्हणून तुम्हाला नेमतो."

"मला? आई आहे की तुझी."

"आई पहिल्या मिनिटाला मारेल." मग भिंतीकडे बघत, "पण आधी मला संधी द्यायची. घाई करायची नाही."

मासाए आठवडाभर पोराशी बोलली नाही. ती तशीही फारसं बोलत नसे, त्यामुळे त्याला कळलं की नाही कोण जाणे.

लढत होती मोरिओकाच्या एका अग्निशामक जवानाशी. तामोत्सु आयुष्यात पहिल्यांदा रिंगच्या कडेला बसला. उशी घेऊन, मांडी घालून. मी त्याच्या एका बाजूला, मासाए दुसऱ्या बाजूला. टॉवेल तिने आणलाच नव्हता.

रेइजीने छान लढत दिली. पण तो जवान जड होता आणि शांत होता. शेवटी शेवटी त्याने रेइजीला खाली घेतलं, आणि पुन्हा तोच हात, तीच पकड. मासाएने माझ्या भावाचा खांदा धरला. मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात तिथे नव्हता. त्याने तो मांडीखाली दाबून ठेवला होता. शंभर किलोंच्या वर माणूस, अख्खा त्या हातावर बसला होता. कपाळावर घाम, आणि नजर रेइजीवर.

"तामोत्सुसान," मासाए म्हणाली, "तामोत्सुसान!"

"त्याला बघू दे," तो दातांतून म्हणाला. "त्याला बघू दे जरा."

रेइजीने आमच्याकडे पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे नाही. वस्तादाकडे, आणि मग त्या दाबलेल्या मांडीकडे. डाव्या हाताची मूठ गादीच्या वर तशीच अधांतरी होती. मग ती उघडली.

टप टप, थाप.

मांजर पळाली. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मान वर केली. शिराहातांनी घंटेला खूण केली.

रेइजी उठून बसला, हात चोळत. "हरलो," तो म्हणाला. तालमीत कधीही न फुटलेला शब्द, चांगला खणखणीत. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. जिंकलेला जवान इकडे तिकडे बघत होता, बिचाऱ्याला वाटलं आपल्यालाच आहेत, आणि त्याने सगळीकडे वाकून वाकून नमस्कार केले. मासाए रडत होती आणि हसत होती आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

तामोत्सुने मांडीखालून हात ओढून काढला. पांढरा पडला होता. उशीची वीण तळव्यावर उमटली होती. त्याने टाळी वाजवायचा प्रयत्न केला, पण तो हात दुसऱ्यावर पडेना, नुसता लोंबला.

"ताई," तो म्हणाला, "बधिर झालाय गं."

मी त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागले. लहानपणी त्याच्या छातीवरून उठल्यावर चोळायचे तसा. सगळा कारखाना टाळ्यांनी भरला होता, आणि माझ्या भावाच्या हाताला अजून काही कळत नव्हतं.